मावळा भिजतो तो पायातून! रंगवलेल्या मूर्ती, मॉडेलना चकचकीत वार्निश लावताना काय सांभाळाल?

कोयली (वडोदरा) : दिवाळीचा किल्ला आवरला की दरवर्षी अनेक घरांत एकच तक्रार असते. किल्ला मातीचा, तो जाणारच. पण हौसेने रंगवलेले मावळेही गेले. कुणाच्या पायाचा रंग सुटला, कुणाच्या अंगरख्याला फोड आले, तर सिंहासनाखालची पायरी भुसभुशीत होऊन हातात आली. 'रंगच हलका होता' असे म्हणून विषय संपतो. पुढच्या वर्षी पुन्हा नवे मावळे.

बऱ्याचदा चूक रंगाची नसतेच. किल्ल्याची माती ओली असते. त्यावर हळीव किंवा मोहरी पेरलेली असते, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडले जाते. मावळा त्या ओल्या मातीत चार-पाच दिवस पाय रोवून उभा असतो. त्याच्या तोंडावर, फेट्यावर वार्निश असते, पण तळ कोराच राहिलेला असतो. प्लास्टर किंवा कच्ची माती तळातून पाणी ओढते, ओल आतून वर चढते आणि रंगाला मागून ढकलते. वरून चमकणारा मावळा खालून भिजून जातो.

म्हणून वार्निशचा शेवटचा हात हा नुसता 'शो'चा भाग नाही. तो नीट बसला तर दोन-तीन आठवड्यांची मेहनत वर्षानुवर्षे टिकते आणि चुकला तर दहा मिनिटांत सगळे पांढरट पडते. हीच गोष्ट शाळेच्या प्रदर्शनातील मॉडेलला, प्लास्टिकच्या विमान-जहाजाच्या किटला आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवलेल्या छोट्या मूर्तींनाही लागू आहे. कामासाठी बडोद्याच्या पट्ट्यात गेलेल्या सीमाभागातील कुटुंबांत ही हौस आजही टिकून आहे. त्यांच्यासाठी आणि इकडच्या वाचकांसाठीही ही सविस्तर माहिती.

वार्निश म्हणजे नेमके काय?

रंगात तीन गोष्टी असतात. रंग देणारी पूड, ती धरून ठेवणारा चिकट पदार्थ आणि सगळे पातळ ठेवणारा द्रव. त्यातली पूड काढून टाकली की जे उरते ते साधारण वार्निश. द्रव उडून जातो आणि पारदर्शक पापुद्रा मागे राहतो. हा पापुद्रा हाताचा घाम, धूळ, पाण्याचा शिंतोडा आणि घासणे यांपासून रंगाला वाचवतो.

दुकानात तीन प्रकार दिसतात. चकचकीत म्हणजे ग्लॉस, मध्यम चमकेचे सॅटिन आणि चमक नसलेले मॅट. अनेकांना वाटते की हा फक्त आवडीचा प्रश्न आहे. तसे नाही. मॅट वार्निशमध्ये चमक मारण्यासाठी सिलिकासारखी बारीक पूड मिसळलेली असते. त्यामुळे पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो, प्रकाश विखुरतो आणि चमक दिसत नाही. ग्लॉसमध्ये ही पूड नसते. त्याचा थर सलग आणि गुळगुळीत बसतो, धूळ कमी धरतो आणि ओल्या फडक्याने पुसता येतो. हाताळायच्या वस्तूला ग्लॉसचा आधार चांगला, असे म्हणतात ते यामुळे.

ग्लॉसने रंग गडद दिसतो, हेही लक्षात घ्या. सुकलेला पोस्टर कलर फिका, खडूसारखा दिसतो. त्यावर वार्निशचा हात फिरला की भगवा खुलतो, हिरवा दाट होतो आणि काळा खरोखर काळा दिसतो. ओला दगड कोरड्यापेक्षा गडद दिसतो, तसाच हा प्रकार. म्हणून रंगवतानाच एखादी छटा उजळ ठेवावी, नाहीतर वार्निशनंतर चेहरे काळवंडल्यासारखे वाटतात.

बाटलीवर 'थिनर' लिहिले म्हणजे सगळे सारखे नव्हे

कोयलीचे नाव निघाले की आठवते ती रिफायनरी. इंडियन ऑइलच्या या गुजरात रिफायनरीची कोनशिला 10 मे 1963 रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बसली. सोव्हिएत मदतीने उभा राहिलेला हा कारखाना 1965 मध्ये सुरू झाला. पेट्रोल-डिझेलसोबत इथे जी खास उत्पादने निघतात, त्यात मिनरल टर्पेंटाइन ऑइल हेही आहे. पेंटवाले ज्याला नुसते 'टर्पेंटाइन' किंवा 'टर्पेन' म्हणतात, ते बहुतेक वेळा हेच असते. पूर्वीचे टर्पेंटाइन पाइन झाडाच्या राळेतून काढत. आता हार्डवेअरच्या दुकानात मिळते ते मुख्यतः खनिज तेलातले.

हे मिनरल टर्पेंटाइन स्वभावाने तसे सौम्य. तेलावर आधारलेले वार्निश आणि ऑइल पेंट पातळ करायला ते चालते. पण त्याच फळीवर शेजारी 'एनसी थिनर' असतो. तो वेगळाच प्रकार आहे. लाकडी फर्निचरच्या आणि गाड्यांच्या लॅकरसाठी तो वापरतात. त्यात टोल्युइन, अॅसिटोनसारखी तीव्र द्रव्ये असू शकतात. असा थिनर प्लास्टिक किटच्या उघड्या भागाला लागला, तर प्लास्टिक विरघळते. ऑइल पेंटवर पडला, तर रंगाला सुरकुत्या येतात. दोन्ही पाण्यासारखे स्वच्छ दिसतात आणि घाईत बाटली बदलते.

तिसरा प्रकार स्पिरिटचा. चपडा म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवून सुतार जे पॉलिश करतो ते हेच. चौथा पाण्याचा. अॅक्रिलिक वार्निश ओले असेपर्यंत पाण्याने धुतले जाते, एकदा सुकले की पाणी त्याला काही करत नाही.

रॉकेल किंवा पेट्रोलने 'काम भागवायच्या' भानगडीत पडू नका. रॉकेल मागे तेलकटपणा ठेवते, त्यावर वार्निश महिनाभर चिकट राहते. पेट्रोलचा धोका तर वेगळा सांगायला नको.

आधी ओळखा : खाली रंग कोणता आहे?

सगळ्या विषयाची किल्ली एका वाक्यात आहे. वरच्या वार्निशमधला द्रव खालच्या रंगाला विरघळवणारा नसावा. हे जमले की निम्मे काम झाले.

रंग स्वतः दिला असेल तर डबी समोर असते. पण बाजारातून आणलेल्या मावळ्याला काय फासले आहे, ते कसे कळणार? त्यासाठी कान साफ करायची कापसाची काडी पुरते. तळाजवळच्या, न दिसणाऱ्या जागी तपासायचे.

पहिली काडी पाण्यात बुडवून हलके घासा. रंग काडीला लागला, तर तो पोस्टर कलर, डिस्टेंपर किंवा डिंकात कालवलेला रंग. त्यावर पाण्याचे वार्निश ब्रशने लावू नका. पाणी रंग उचलते, डोळ्यांची बुबुळे गालावर येतात. इथे टर्पेंटाइनवर आधारलेले वार्निश किंवा स्पिरिटमधला चपडा चालतो, कारण डिंक या दोन्हींत विरघळत नाही.

पाण्याने रंग सुटला नाही, तर दुसरी काडी स्पिरिटमध्ये बुडवा. आता रंग लागला किंवा पृष्ठभाग चिकट झाला, तर बहुधा अॅक्रिलिक. त्यावर चपडा नको, पाण्याचे अॅक्रिलिक वार्निश योग्य.

दोन्हींनी काही झाले नाही, तर ऑइल पेंट म्हणजे इनॅमल असण्याची शक्यता जास्त. तो वरून दिवसभरात सुकल्यासारखा वाटतो, पण आतून कडक व्हायला बरेच दिवस घेतो. किमान आठवडा जाऊ द्यावा. नख दाबून वळ उठत असेल तर अजून थांबा. त्यावर तेलाचे वार्निश चालते. पूर्ण कडक झाल्यावर आणि साबणाच्या पाण्याच्या फडक्याने तेलकटपणा पुसल्यावर पाण्याचेही चालते. एनसी लॅकर मात्र नको.

तेलाच्या वार्निशची एक खोड आहे, ते काळाने पिवळे पडते. भगव्या-तपकिरी रंगावर ते खपून जाते. पांढऱ्या अंगरख्यावर, पांढऱ्या घोड्यावर दोन-तीन वर्षांत दिसू लागते. पांढरा भाग जास्त असेल तर रंग अॅक्रिलिक आणि वार्निश पाण्याचे, हा हिशेब बरा.

संखेडा आणि सावंतवाडीने हे कधीच ओळखले

हा क्रम काही नवा शोध नाही. बडोद्याहून डभोई ओलांडून पुढे ओरसंग नदीकाठी संखेडा लागते. पूर्वी ते वडोदरा जिल्ह्यात होते, 2013 मध्ये नवा छोटा उदेपूर जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेले. इथले खराद्यावर घडवलेले सागवानी पाळणे, झोपाळे आणि पाट गुजरातभर ओळखले जातात. लाकडावर कथिलाच्या लगद्याने बारीक नक्षी काढतात, अकीकाच्या दगडाने घोटतात आणि त्यावर लाखेचा पारदर्शक थर देतात. लाख स्वतः मधासारख्या रंगाची. त्यामुळे खालची रुपेरी नक्षी सोनेरी दिसू लागते. सोन्याचा कण न वापरता सोन्याचा भास! वरचा थर खालचा रंग बदलतो, हे दाखवणारे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणार नाही.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, सिंधुदुर्गातल्या सावंतवाडीचे. तिथली गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे प्रत्येकी 12 असे 120 पत्ते असतात. प्रत्येक पत्ता म्हणजे तळहातावर मावणारे लघुचित्रच. ही कला विझत चालली असताना 1970 च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच चितारी कलावंतांना बसवून ती पुन्हा उभी केली.

पत्ता म्हणजे दिवाणखान्यात टांगायचे चित्र नव्हे. तो पिसला जातो, वाटला जातो, घामेजल्या हातात राहतो. लाखेचा थर नसता तर पाण्यात कालवलेला रंग पहिल्याच डावात बोटांना लागला असता. पाण्याच्या रंगावर स्पिरिटची लाख, म्हणजे खालचा रंग न हलवणारा वरचा थर. कापसाच्या काडीची जी परीक्षा वर सांगितली, तिचाच हा जुना अनुभव.

लाख ही एका बारीक किड्याची देणगी. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर हे किडे राळेसारखे कवच तयार करतात. भारत या उत्पादनात जगात आघाडीवर राहिला असून, लाखेच्या अभ्यासासाठी रांचीत 1924 मध्ये खास संस्था स्थापन झाली. लाखेचा दोष एकच. तिच्यावर पाणी साचून राहिले की पांढरा डाग पडतो. म्हणून पत्ते, खेळणी, कोरड्या जागेतील वस्तू यांना लाख उत्तम. ओल्या किल्ल्यावर उभ्या राहणाऱ्या मावळ्याच्या तळाला मात्र तेलाचे किंवा अॅक्रिलिक वार्निशच बरे.

ब्रशने लावताना

पहिली अट, वस्तू आतून कोरडी हवी. नवे प्लास्टर हाताला थंड लागत असेल तर त्यात ओल आहे. अशा मूर्तीला वार्निश लावणे म्हणजे पाणी आत कोंडणे. ते बाहेर पडायला वाट शोधते आणि फोड येतात. सावलीत, वाऱ्यावर काही दिवस वाळवा. कडक उन्हात कच्ची माती तडकते.

दुसरी अट धुळीची. कोरड्या मऊ ब्रशने सगळ्या खाचा झाडून घ्या. पंखा बंद करा. वार्निश लावून झाल्यावर वस्तूवर झाकायला पुठ्ठ्याचे खोके आधीच तयार ठेवा. वस्तू ओली झाल्यावर खोके शोधायला गेलात, की तोवर दोन केस आणि एक चिलट चिकटलेले असते.

बाटली गदागदा हलवू नका. ग्लॉसमध्ये हलवल्याने बुडबुडे होतात आणि तेच पृष्ठभागावर सुकतात. काडीने सावकाश ढवळा आणि लागेल तेवढे वाटीत काढा. ब्रश मऊ केसांचा, चपटा घ्या. रंगाचा जुना ब्रश नको, त्यातून सुकलेले कण सुटतात.

पहिला हात तळाला. मावळा आडवा धरून तळावर दोन हात द्या, ते पूर्ण सुकू द्या आणि मगच वरचे काम हाती घ्या. वरून लावताना डोक्याकडून पायाकडे या. ब्रश भरून घेऊ नका, वाटीच्या काठावर निथळून घ्या. एकदा फिरवलेल्या जागी अर्धवट सुकल्यावर पुन्हा ब्रश घालू नका, ओढल्याच्या रेघा तिथेच येतात. राहिलेली जागा पुढच्या हातात भरून निघते.

काखेत, ढालीमागे, घोड्याच्या पोटाखाली वार्निश साचते. तिथे कोरड्या ब्रशचे टोक टेकवा, जास्तीचे वार्निश तो ओढून घेतो. साचलेले तसेच राहिले तर आत मऊ, वर कडक होते आणि पुढे तडा जातो.

एक जाड हात आणि तीन पातळ हात यात बाटलीतून जाणारे वार्निश जवळपास सारखेच, पण टिकण्यात मोठा फरक. पातळ थर लवकर आणि सारखा सुकतो. पाण्याच्या वार्निशमध्ये दोन हातांत एक-दोन तास आणि तेलाच्या वार्निशमध्ये एक पूर्ण दिवस सोडावा. डबीवर जास्त वेळ लिहिला असेल तर तोच पाळावा.

स्प्रे मारताना हवा बघा

स्प्रेचा डबा सोपा वाटतो, पण जास्त कामे त्यानेच बिघडतात. कारण हवा.

स्प्रेमधला द्रव झपाट्याने उडतो. उडताना तो पृष्ठभाग थंड करतो. माठ पाझरून पाणी गार होते, तेच तत्त्व. हवेत दमटपणा असेल तर त्या थंड पृष्ठभागावर बाष्पाचे बारीक थेंब जमतात आणि वार्निशमध्ये अडकतात. परिणाम म्हणजे काचेसारखा थर येण्याऐवजी दुधाची साय आल्यासारखा पांढरटपणा. जुलै-ऑगस्टमध्ये बडोदा असो की नवापूर, अशा संध्याकाळी डबा हातात घेऊच नये. मीठ भरणीत पाणावत असेल, पापड मऊ पडत असतील, तर स्प्रे उद्यावर ढकला.

उन्हाळ्यात उलटी अडचण. पारा चाळीसच्या वर गेला की फवारा वस्तूवर पोहोचण्याआधीच हवेत सुकतो आणि पृष्ठभाग वाळूच्या कागदासारखा खरखरीत होतो. अशा वेळी सकाळचे काम करावे. हिवाळ्यात पहाटेच्या दवात नको, अकरा वाजू द्यावेत. पाऊस सरल्यानंतरचे ऑक्टोबरचे कोरडे दिवस या कामाला सर्वांत सोयीचे. दिवाळीही तेव्हाच जवळ असते, त्यामुळे शेवटच्या दोन दिवसांवर न ठेवता हे काम आधीच उरकता येते.

डबा मिनिटभर हलवा, आधी रद्दी कागदावर मारून पाहा. वस्तूपासून साधारण 20 ते 30 सेंटीमीटर अंतर ठेवा. फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करा, वस्तूवरून हात फिरवत न्या आणि पलीकडे बाहेर थांबवा. वस्तूवरच बटण दाबले-सोडले की तिथे ओघळ येतो. पहिला थर नुसत्या धुक्यासारखा. पोस्टर कलरवर तर हा धुक्याचा थर फार महत्त्वाचा, कारण तो रंगाला बांधून ठेवतो. तो सुकल्यावरच पुढचा ओलसर थर.

प्लास्टिक मॉडेलवाले ग्लॉस मध्येच का मारतात?

विमान, रणगाडे, जहाजांची किट जोडणारे लोक ग्लॉस लावतात आणि शेवटी मॅट मारून चमक घालवतात. नवख्याला हा वेडेपणा वाटतो. त्यामागे कारण आहे.

विमानावरची चिन्हे, आकडे हे पाण्यात भिजवून सरकवायच्या पातळ पापुद्र्यावर येतात, त्यांना डेकल म्हणतात. खडबडीत मॅट रंगावर डेकल चिकटवले की खालच्या खळग्यांत हवा अडकते आणि चिन्हाभोवती चंदेरी कडा दिसते. गुळगुळीत ग्लॉसवर हवा अडकत नाही, चिन्ह रंगवल्यासारखे दिसते. दुसरे, पत्र्याच्या सांध्यांत गडद पातळ रंग सोडतात तोही ग्लॉसवर खाचेतून सरळ धावतो आणि जास्तीचा पुसता येतो. मॅटवर तो पसरून डाग पडतो. खाली अॅक्रिलिक ग्लॉस आणि वर ऑइल रंगाचा पातळ थर, म्हणजे टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसले तरी मूळ रंग शाबूत. पुन्हा तोच नियम.

हीच युक्ती मावळ्यांनाही वापरता येते. अंगभर ग्लॉसचे दोन हात आणि त्यावर कपड्यांना, चेहऱ्याला मॅटचा एक हात. तलवार, ढाल, शिरपेच आणि घोड्याचे डोळे ग्लॉसच ठेवा. संरक्षण पूर्ण मिळते आणि मूर्ती प्लास्टिकच्या खेळण्यासारखी चमचमत नाही.

बिघडलेच तर

पांढरट पडले तर घाबरून खरवडू नका. कोरड्या दिवशी त्याच वार्निशचा एक पातळ ओलसर हात द्या. खालचा थर थोडा मऊ होतो, अडकलेली ओल निघून जाते आणि बऱ्याच वेळा पांढरेपणा जातो. ओघळ आला तर ओला असताना पुसू नका. पूर्ण कडक झाल्यावर 1500 किंवा 2000 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासा आणि वर पुन्हा पातळ हात द्या. मात्र खाली पाण्याने सुटणारा रंग असेल तर घासताना वार्निश फाटू देऊ नका. धुळीचा कणही असाच काढतात.

चिकटपणा आठवडा झाला तरी जात नसेल, तर थर जाड झाला आहे किंवा खालचा रंग कच्चा होता. उबदार, हवेशीर जागी ठेवून वाट पाहा. त्यावर आणखी वार्निश म्हणजे दुखण्यावर दुखणे. सुरकुत्या आल्या असतील तर मात्र इलाज नाही. तेवढा भाग काढून पुन्हा रंगवणे भाग आहे. म्हणूनच पहिला प्रयोग नेहमी तळावर किंवा फुटक्या मूर्तीवर करावा.

बडोद्याच्या महाराजा फतेसिंह म्युझियममध्ये राजा रविवर्मांची तैलचित्रे आहेत. अशा चित्रांच्या जगात शेवटचे वार्निश काही महिने थांबून देतात आणि पुढे मळले तर ते काढून नवे लावता येईल, असे निवडतात. आपल्या मावळ्यांना इतकी शिस्त लागत नाही. पण थांबण्याचा धडा तोच.

विसर्जनाच्या मूर्तीला वार्निश नकोच

एक महत्त्वाची गल्लत टाळा. वर सांगितलेले सगळे घरात ठेवायच्या, वर्षानुवर्षे वापरायच्या वस्तूंसाठी आहे. विसर्जन करायच्या गणेशमूर्तीला वार्निश लावू नये. तिचा हेतूच पाण्यात विरघळणे हा आहे. वार्निशचा पापुद्रा तिला विरघळू देत नाही आणि रसायने पाण्यात जातात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे 2020 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांतही मूर्तींसाठी नैसर्गिक माती आणि पाण्यात मिसळणाऱ्या, बिनविषारी रंगांचा आग्रह आहे. शाडूच्या मूर्तीला चमक हवीच असेल तर दागिने वेगळे, काढता येणारे घालावेत.

मुलांच्या हातात डबा देण्यापूर्वी

किल्ला मुलांचा, मावळे मुलांचे, त्यामुळे वार्निशही तेच मारायला धावतात. पाण्याचे वार्निश ब्रशने लावायला मोठ्यांच्या देखरेखीखाली हरकत नाही. स्प्रे, टर्पेंटाइन, स्पिरिट आणि थिनर मात्र मोठ्यांनीच हाताळावेत.

यांची वाफ पेट घेते. देवघरातला दिवा, गॅस, उदबत्ती, सिगारेट जवळ नको. काम गच्चीत किंवा उघड्या गॅलरीत करा. कापडी मास्क फवाऱ्याचे थेंब थोडे अडवतो, वाफ अडवत नाही. डोके जड वाटले की काम थांबवून मोकळ्या हवेत या. स्प्रेचा डबा उन्हात, गाडीत किंवा रिकामा झाला तरी कचऱ्याच्या शेकोटीत टाकू नका, तो फुटतो. पॉलिशच्या स्पिरिटमध्ये विषारी द्रव्य मिसळलेले असते, ते पाण्याच्या बाटलीत भरून ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

जवस तेल असलेल्या वार्निशचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकणे हाही मोठा धोका. असे तेल सुकताना उष्णता सोडते. गोळा झालेल्या फडक्यात ती कोंडते आणि फडके आपोआप पेटू शकते. फडकी उलगडून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. उरलेले टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. बरणीत ठेवले की गाळ खाली बसतो आणि वरचे स्वच्छ द्रव ब्रश धुवायला पुन्हा वापरता येते.

थोडक्यात क्रम असा

मूर्ती आतून कोरडी आहे का पाहा. कापसाच्या काडीने रंग ओळखा. त्याला न विरघळवणारे वार्निश निवडा. तळावर आधी प्रयोग आणि मग दोन हात. कोरड्या दिवशी वरून तीन पातळ हात. हवी तिथे चमक ठेवून बाकीवर मॅट. त्यानंतर किमान आठवडाभर हात न लावता खोक्याखाली ठेवा.

तळाला पेन्सिलीने साल आणि वार्निशचे नाव लिहून त्यावरूनच शेवटचा हात फिरवला, तर पुढच्या दिवाळीत नवा हात देताना कोणते वार्निश वापरले होते, हे शोधावे लागत नाही. आणि किल्ला आवरताना मावळे मातीतून उचलले की लगेच फडक्याने पुसून, पूर्ण सुकवून मगच डब्यात भरा. ओले भरले तर वार्निश कितीही चांगले असले तरी वर्षभराची ओल त्याच डब्यात मुक्कामाला राहते.